सोलापुरात बसून हिऱ्यातला चुंबकीय सेन्सर: पहिल्या डिपपासून प्रोटॉनच्या सिग्नलपर्यंत

हिऱ्यातल्या दोषांनी चुंबकीय अनुनाद मोजता येतो, तोही काही नॅनोमीटरच्या जागेतला, हे कुठेतरी वाचून उत्साहाने येणारी मुलं दर वर्षी भेटतात. प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, यासाठी मुंबई-बेंगळुरूलाच जावं लागतंय का?" अर्धं काम सोलापुरात होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी बाहेर जावंच लागतं, पण पहिलं अर्धं हातात असल्याशिवाय जाऊ नका. तिथे गेल्यावर पहिला महिना स्क्रू आवळण्यात जातो आणि तोवर इंटर्नशिप संपत आलेली असते.

हा लेख फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स एम.एस्सी.च्या आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी आहे. कॉलेजची एक अंधारी खोली, एक सोल्डरिंग आयर्न आणि थोडं पायथन येत असेल तर चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते. या विषयात सिग्नल मिळवणं तितकंसं अवघड नाही. मिळालेला सिग्नल खरोखर हिऱ्यातूनच आलाय हे सिद्ध करणं अवघड आहे. म्हणून जवळपास प्रत्येक पायरीला लटका सिग्नल कसा पकडायचा तेही लिहिलंय. घाईत असाल तर बाकीचं राहू द्या, तेवढं वाचा.

१. आधी एवढं फिजिक्स पक्कं करा

हिऱ्याच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला आणि त्याच्या लगतची जागा रिकामी राहिली, की त्या जोडीला नायट्रोजन-व्हेकन्सी सेंटर म्हणतात. बोलताना सगळे नुसतं 'एनव्ही' म्हणतात. आपल्या कामाचा असतो तो ऋणभारित एनव्ही. त्याचा स्पिन १, म्हणजे पातळ्या तीन: शून्य, अधिक एक आणि उणे एक. बाहेरून कुठलंही चुंबकीय क्षेत्र नसलं तरी शून्य आणि बाकीच्या दोन पातळ्यांमध्ये २.८७ गिगाहर्ट्झचं अंतर असतंच.

हिरवा प्रकाश टाकला की एनव्ही लाल चमकतो, साधारण ६३७ ते ८०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. शून्य पातळीतला जास्त चमकतो. अधिक-उणे एकमधला मात्र बऱ्याचदा हा लाल प्रकाश न देता मधल्या सिंगलेट पातळ्यांतून खाली येतो आणि बहुतेक वेळा शून्यात येऊन पडतो. म्हणजे हिरवा प्रकाश दोन कामं एकदम करतो: स्पिनला शून्यात आणून बसवतो आणि तो तिथे आहे की नाही तेही दाखवतो. आता बरोबर २.८७ गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह सोडा. स्पिन शून्यातून बाहेर ढकलला जातो आणि चमक घटते. फ्रिक्वेन्सीसमोर चमक मांडली तर त्या जागी खळगा दिसतो, तोच डिप.

चुंबक जवळ आणला की एका डिपचे दोन होतात आणि एनव्हीच्या अक्षाच्या दिशेतल्या प्रत्येक गॉसमागे एकेक डिप २.८ मेगाहर्ट्झने सरकतो. हिऱ्यात हा अक्ष चार दिशांपैकी कुठल्याही दिशेला असू शकतो, म्हणून एका स्फटिकात जास्तीत जास्त आठ डिप दिसतात. हे सगळं खोलीच्या तापमानाला चालतं. द्रव हेलियम लागत नाही, म्हणून तर सोलापुरात बसून करता येतं.

२. साहित्य

- एनव्ही असलेला हिरा (पुढच्या पायरीत सविस्तर)
- ५२० नॅनोमीटरचा लेझर डायोड, स्थिर करंट देणाऱ्या ड्रायव्हरसह; २० ते ५० मिलिवॉट पुरे
- ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाँगपास फिल्टर, म्हणजे हिरवा अडवून लाल पुढे सोडणारा
- बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, एक ऑप-अँप, १ मेगाओहमचा रेझिस्टर
- मायक्रोवेव्ह तयार करणारं एडीएफ४३५१ चं मॉड्यूल, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातं, काही हजार रुपयांत मिळतं
- २ ते ४ गिगाहर्ट्झचा, वॉटभर पॉवर देणारा अँप्लिफायर आणि ३ डीबीचा अटेन्युएटर
- एसएमए केबल, एसएमए सॉकेट, तांब्याची इनॅमल वायर
- निओडिमियम चुंबक, सरकवण्यासाठी कसलाही स्क्रूवाला स्टँड
- जाड पत्र्याचा झाकणवाला डबा
- लेझरचे गॉगल

यातली इनॅमल वायर ऑनलाइन मागवू नका. मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात अर्ध्या मिलिमीटरची वाइंडिंग वायर हातभर अशीच मिळते. तिचा दोन-तीन मिलिमीटर व्यासाचा एक वेढा करून एसएमए सॉकेटला सोल्डर केला की तोच अँटेना. टोकाचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडा. सोल्डर चकचकीत दिसतं आणि आत जोडच नसतो, असं हमखास होतं.

हा वेढा ५० ओहमचा नसतो, त्यामुळे पॉवर परत उलटते. अटेन्युएटर त्यासाठीच: अँप्लिफायर आणि वेढा यांच्यामध्ये. आणि आउटपुटला काही न जोडता अँप्लिफायर कधीही चालू करू नका, तो जळतो.

मोजणीसाठी आर्डुइनोच्या भरवशावर राहू नका. आर्डुइनो उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटचा, पाच व्होल्टला एक पायरी पाच मिलिव्होल्टची. तुमचा डिप साधारण एक टक्क्याचा, म्हणजे अर्ध्या व्होल्टवर पाचच मिलिव्होल्ट! त्यापेक्षा स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंडकार्ड घ्या. १६ बिट, सेकंदाला ४८ हजार नमुने. एका चॅनेलवर फोटोडायोड, दुसऱ्यावर मायक्रोवेव्ह बंद-चालू करणारा रेफरन्स. दोन्हींचा गुणाकार करून सरासरी काढायची, म्हणजे रेफरन्सच्या तालावर येणारा सिग्नलच तेवढा उरतो, झाला लॉक-इन. पायथनमध्ये वीसेक ओळी होतात. माइकचं एकच चॅनेल असलेला स्वस्त डाँगल चालत नाही, विकत घेताना विचारा.

मायक्रोवेव्ह बंद-चालू करायची फ्रिक्वेन्सी ५० च्या पटीत नको. ट्यूबलाइट १०० हर्ट्झला लुकलुकते आणि तिची पिलावळ वरपर्यंत जाते. १०३७ हर्ट्झ घ्या.

३. हिरा कुठला घ्यायचा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. "लॅबमध्ये बनवलेला हिरा सुरतेत ढिगाने मिळतो, सराफ बाजारातून एखादा आणू" ही कल्पना प्रत्येकाला सुचते. दागिन्याचा रंगहीन हिरा मुद्दाम नायट्रोजन टाळून बनवलेला असतो, त्यात आपल्याला लागतात तेवढे एनव्ही नसतात. एचपीएचटी (प्रचंड दाब आणि तापमानाच्या) पद्धतीचा पिवळा हिरा घेतला तर नायट्रोजन भरपूर असतो, पण रिकाम्या जागा नसतात. त्या तयार करायला मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करून मग ८०० अंशांच्या वर निर्वातात भाजावा लागतो. कटिंग-पॉलिशिंगच्या पावडरीत तर धातूचे कणही अडकलेले असतात.

तेव्हा सरळ 'फ्लुओरेसंट मायक्रोडायमंड' म्हणून विकली जाणारी, मारा आणि भाजणी झालेली पावडर घ्या, १०० ते १५० मायक्रॉनच्या दाण्यांची. पैसे असतील तर एलिमेंट सिक्स कंपनीची डीएनव्ही-बी१ नावाची छोटी चकती येते, तिच्यात एनव्हीचं प्रमाण सुमारे ३०० पीपीबी (अब्जात ३००) असतं. पहिल्या डिपसाठी तिची गरज नाही.

पावडर आली की चिमूटभर चिकटवून मोकळे होऊ नका. दाणे वाटेल त्या दिशांना पडलेले असतात. चुंबक आणला की प्रत्येकाचे डिप वेगवेगळीकडे सरकतात आणि आलेखात नुसता पसरट खड्डा उरतो. एकच दाणा हवा. काळ्या कागदावर पावडर शिंपडा, कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवा, शिवणाच्या सुईचं टोक जिभेला नव्हे, पाण्याला लावा आणि एक दाणा उचला. जांभळट-लालसर, कडा स्पष्ट दिसणारा दाणा निवडा. दोन दाणे चिकटलेले असतील तर सोडून द्या.

चिकटवताना सांभाळा. पुष्कळसे गोंद, मार्करची शाई आणि नेलपॉलिश हिरव्या प्रकाशात स्वतःच लालसर चमकतात. निवडलेला गोंद आधी नुसता काचेवर लावून फोटोडायोडसमोर धरा. आकडा वाढला तर तो गोंद बाद.

परदेशातून मागवत असाल तर ही कागदपत्रं तयार ठेवा:

- आधार किंवा पॅन, कुरिअर कंपनी कस्टम्ससाठी केवायसी मागते
- कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांचं पत्र: वस्तू काय, कशासाठी, विक्रीसाठी नाही
- विक्रेत्याचं बिल, ज्यावर 'सिंथेटिक डायमंड पावडर, वैज्ञानिक वापरासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं आणि एचएस कोड ७१०५

कोड ठळक असावा. नुसतं 'डायमंड' लिहिलेलं आमचं एक पाकीट रत्न समजून अडकलं होतं, आणि आत दिसायला होती डाळीच्या चुऱ्याएवढी भुकटी.

४. लेझर, डोळे आणि डबा

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर हिरवे लेझर पॉइंटर स्वस्तात मिळतात. "तेच हिरवं हाय की वो मॅडम, कशाला हजारो घालवताय?" असं मला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने समजावलं होतं. ते हिरवं तेच नाही. हे पॉइंटर ८०८ नॅनोमीटरच्या डायोडने १०६४ चा इन्फ्रारेड तयार करतात आणि त्याचं अर्धं करून ५३२ काढतात. स्वस्त मालात आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टरच नसतो. म्हणजे दोन दुखणी. न दिसणारा इन्फ्रारेड थेट डोळ्यात जातो. शिवाय तुमचा लाँगपास फिल्टर लाल पास करतो तसा इन्फ्रारेडही पास करतो, त्यामुळे फोटोडायोडला हिऱ्याआधी तोच दिसतो. ५२० चा डायोड थेट हिरवा देतो, ही भानगडच नाही.

५ मिलिवॉटच्या वरचा लेझर ३बी वर्गात जातो. ५२० नॅनोमीटरला ऑप्टिकल डेन्सिटी ४ किंवा जास्त असलेले गॉगल घ्या. जुळवाजुळव करताना अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. लेझरची पातळी टेबलाच्या उंचीला ठेवा आणि खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकताना आधी लेझर बंद करा.

पत्र्याचा डबा उजेड अडवण्यासाठी तर हवाच, पण त्याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे. २.८७ गिगाहर्ट्झ हा वायफायसारखा परवानामुक्त पट्टा नाही. २.७ ते २.९ मध्ये विमानतळांची आणि हवामानखात्याची रडारं चालतात. वॉटभर पॉवर उघड्यावर सोडणं बेकायदेशीर आहे आणि होटगी रोडला विमानतळही आहे. झाकण बंद, फटींना तांब्याची टेप, केबल सगळ्या एसएमए सॉकेटमधूनच आत.

५. पहिला डिप आणि चार चाचण्या

जोडणी झाली. २८२० ते २९२० मेगाहर्ट्झ, अर्ध्या-अर्ध्या मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर सेकंदभर सरासरी. आलेख काढा. २८७० पाशी काहीतरी दिसेल. मायक्रोडायमंडमध्ये आतल्या ताणामुळे चुंबक नसतानाही डिप मधोमध दुभंगलेला दिसतो, घाबरू नका.

फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आधी पुढचं करा.

पहिली चाचणी: लेझर झाका, बाकी सगळं चालू ठेवा. डिप राहिला तर तो हिऱ्याचा नाही. मायक्रोवेव्ह फोटोडायोडच्या वायरीत घुसून ऑप-अँपमध्ये रेक्टिफाय होतेय. साउंडकार्डचा लॉक-इन बंद-चालूच्या तालावर येणारं काहीही इमानदारीने मोजतो, मग ते कुठूनही येवो. फोटोडायोडला वेगळी पत्र्याची डबी करा, वायरीवर फेराइटचे मणी चढवा, बॅटरीवर चालवा.

दुसरी: लेझर उघडा, दाण्याच्या जागी कोरी काच ठेवा. आता काही दिसलं तर अँप्लिफायर चालू होताना लेझरचा सप्लाय डळमळतोय. दोघांना वेगळा सप्लाय द्या.

तिसरी: दाणा परत ठेवा आणि मायक्रोवेव्हची पॉवर कमी करत न्या. खरा डिप उथळ होतो आणि अरुंदही होतो. नुसता उथळ झाला, रुंदी तीच राहिली तर तेवढ्यावरून खरा-खोटा ठरत नाही. ताणामुळे आलेली रुंदीही तशीच राहते. पण पॉवर कमी केल्यावर रुंदी वाढताना दिसली तर काहीतरी नक्की चुकतंय.

चौथी चाचणी निर्णायक: चुंबक आणा. अँप्लिफायरचा गेन सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो, केबलमध्ये लाटा उलटून येतात, त्यामुळे आलेखात लहानमोठे खळगे असतातच. ते चुंबकाला भीक घालत नाहीत. एनव्हीचा डिप सरकतो, फुटतो. चुंबक दूर नेला की परत येतो. या एका आलेखासाठी, म्हणजे चुंबक लांब, मध्यम, जवळ असे तीन डिप एकाखाली एक, वेळ काढा. पुढे कुणाशीही बोलताना हाच दाखवायचा आहे.

आठच्या आठ डिप सुटे दिसेपर्यंत चुंबक फिरवत राहा. मग चुंबक एका अक्षाशी जुळवा: बाहेरची जोडी सगळ्यात लांब जाते आणि उरलेल्या तीन जोड्या एकमेकींवर येऊन बसतात. हे हाताला येणं फार गरजेचं आहे, नॅनो पातळीवर हीच जुळणी रोज करावी लागते.

६. सोलापूरचं ऊन डिपात कसं दिसतं

तापमान वाढलं की २.८७ चा आकडा दर अंशाला साधारण ७४ किलोहर्ट्झने खाली येतो. मे महिन्यात सकाळी एसी लावून २५ अंशांना मोजणी सुरू केली, दुपारी वीज गेली आणि डब्यातलं तापमान ४० वर गेलं, तर डिप १.१ मेगाहर्ट्झने सरकला. एकाच डिपवर नजर ठेवून असाल तर हे ०.४ गॉसचं क्षेत्र वाटेल, आणि सोलापुरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही साधारण तेवढंच आहे. पृथ्वीचं क्षेत्र मोजल्याचा आनंद प्रत्यक्षात उन्हाचा असू शकतो.

उपाय सोपा आहे. दोन्ही डिप मोजा. दोघांमधलं अंतर क्षेत्र सांगतं, मध्य तापमान सांगतो. यावर थांबू नका, कारण निओडिमियम चुंबकही तापला की दर अंशाला साधारण ०.१ टक्क्याने कमजोर होतो. ५० गॉसवर १५ अंशांनी पाऊण गॉस. म्हणून डब्यात थर्मिस्टर ठेवा आणि तापमान प्रत्येक मोजणीसोबत फाइलमध्ये लिहा.

अशोक चौक किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला यंत्रमागांच्या शेजारी कॉलेज असेल तर आणखी एक: मागांचा थरकाप टेबलात येतो आणि लेझरचा ठिपका दाण्यावरून हलतो. लेझर, दाणा, फोटोडायोड तिन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळा, खाली जाड रबर. सगळं एकत्र हललं तर बिघडत नाही.

७. पल्स

यापुढे लेझर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही मायक्रोसेकंदांत बंद-चालू करावे लागतात. कॉलेजात एफपीजीए (हव्या त्या क्षणी पल्स सोडता येणारा प्रोग्रामेबल चिपचा) बोर्ड आणि वेगवान आरएफ स्विच असेल तर करा, नसेल तर हा भाग पायथनच्या क्यूटिप पॅकेजवर सिम्युलेट करून शिका. त्यात कमीपणा नाही.

करत असाल तर आधी राबी: मायक्रोवेव्हची पल्स लांबवत न्यायची, चमक वरखाली झुलते. लटकेपणाची तपासणी: पॉवर चौपट केली तर झुलण्याची गती दुप्पट व्हायला हवी. तशी होत नसेल तर तुम्ही तापमान किंवा लेझरची सरासरी पॉवर मोजताय. पल्स लांबली तरी पूर्ण क्रमाची लांबी बदलणार नाही असा प्रोग्राम लिहा.

मग हान इको: मधोमध एक पल्स देऊन विस्कटलेले स्पिन पुन्हा तालात आणायचे. मायक्रोडायमंडमध्ये इथे थोडी निराशा होते. नायट्रोजन १०० पीपीएम (दहा लाखांत १००) असेल तर इकोचा टी-टू, म्हणजे स्पिनचा ताल टिकण्याचा काळ, दीडेक मायक्रोसेकंदात संपतो. तो का संपतो हे समजून घ्या, कारण पुढची पायरी सोलापुरात का होत नाही त्याचं उत्तर त्यातच आहे.

८. नॅनो म्हणजे नक्की काय

आतापर्यंत दाण्यातल्या असंख्य एनव्हींची एकत्र चमक पाहिली. ते चुंबकमापन आहे, नॅनोस्केल चुंबकीय अनुनाद नाही. त्यासाठी एकच एनव्ही लागतो, तोही पृष्ठभागाच्या ५ ते १० नॅनोमीटर खाली, आणि वर ठेवलेला नमुना. एकट्या एनव्हीचा अनुनाद १९९७ मध्ये जर्मनीत केम्निट्झला पहिल्यांदा दिसला. पृष्ठभागावरच्या काही नॅनोमीटरमधल्या प्रोटॉनांचा सिग्नल २०१३ मध्ये श्टुटगार्टच्या आणि आयबीएमच्या आल्माडेनच्या गटांनी दाखवला, एकाच वेळी, 'सायन्स'च्या एकाच अंकात. २०१६ मध्ये हार्वर्डच्या गटाने युबिक्विटिन या प्रथिनाच्या एकट्या रेणूपर्यंत मजल मारली.

मला या विषयात सगळ्यात आवडणारा हिशोब इथे आहे. दवाखान्यातला एमआरआय किंवा केमिस्ट्रीवाल्यांचं एनएमआर औष्णिक ध्रुवीकरणावर, म्हणजे क्षेत्राच्या दिशेला वळलेले प्रोटॉन उलट्या दिशेच्यांहून किती जास्त या आघाडीवर चालतं. ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनमध्येसुद्धा लाखात तीनेक प्रोटॉनांचीच आघाडी असते, पण नमुन्यात प्रोटॉन अफाट असल्याने भागतं. आता ५ नॅनोमीटर बाजूचा घन घ्या. सेंद्रिय पदार्थात त्यात साधारण साडेसात हजार प्रोटॉन. ३०० गॉसला औष्णिक आघाडी कोटीत एक, म्हणजे एवढ्याशा घनात शून्यच. मग सिग्नल येतो कुठून? चढउतारातून. साडेसात हजार नाणी उडवली तर छापे आणि काटे बरोबर निम्मे-निम्मे पडत नाहीत, फरक वर्गमुळाएवढा, ऐंशी-नव्वदचा पडतो. प्रोटॉनांचंही तेच. हा फरक दर वेळी वेगळा असतो, पण लार्मर फ्रिक्वेन्सीने (चुंबकीय क्षेत्रात त्या स्पिनच्या फिरण्याच्या ठरलेल्या गतीने) फिरतो, आणि एनव्हीला तो काहीशे नॅनोटेस्लाच्या थरथरीसारखा जाणवतो. एनव्ही दुप्पट खोल गेला तर ही थरथर जवळपास तिपटीने कमी होते. म्हणून उथळ एनव्ही. आणि उथळ एनव्हीला पृष्ठभागावरचे भटके स्पिन छळतात म्हणून त्याचा टी-टू आखडतो. या कात्रीतच या क्षेत्रातल्या सगळ्यांचं आयुष्य जातं.

मोजायची रीत: एक्सवाय८ नावाचा पल्सांचा क्रम. ३०० गॉसला प्रोटॉनची फ्रिक्वेन्सी १.२७७ मेगाहर्ट्झ. दोन पल्सांमधलं अंतर त्याच्या अर्ध्या आवर्तनाएवढं, म्हणजे ०.३९ मायक्रोसेकंद ठेवलं की एनव्ही फक्त तीच थरथर ऐकतो. १२८ पल्स म्हणजे ५० मायक्रोसेकंद. दीड मायक्रोसेकंदाच्या मायक्रोडायमंडने हे का जमत नाही, कळलं असेल.

आता या लेखातला सगळ्यात महागडा सापळा. हिऱ्यात १.१ टक्के कार्बन-१३ असतो, त्यालाही स्पिन असतो. ३०० गॉसला त्याची फ्रिक्वेन्सी ०.३२१ मेगाहर्ट्झ. पल्स क्षणात होत नाहीत, त्यांना लांबी असते, आणि त्यामुळे एक्सवाय८ मध्ये खोट्या हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले लटके सिग्नल, उगवतात. कार्बन-१३ ची चौथी हार्मोनिक येते १.२८५ मेगाहर्ट्झला. प्रोटॉन १.२७७. फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, आणि डिपची रुंदी बऱ्याचदा याहून मोठी. चुंबकीय क्षेत्र बदलून पाहू म्हणाल तर दोघंही सारख्याच प्रमाणात सरकतात. पाचव्या पायरीवरची निर्णायक चाचणी इथे कुचकामी आहे! २०१५ मध्ये हा घोळ तपशिलात छापून आला, तेव्हा अनेक गटांनी आपले जुने आलेख पुन्हा उघडले असतील, असा माझा अंदाज.

सोडवणूक अशी: एक, जवळपास शुद्ध कार्बन-१२ चा हिरा वापरा. दोन, प्रोटॉनऐवजी फ्लोरिन असलेला नमुना लावा. ३०० गॉसला फ्लोरिन १.२०२ मेगाहर्ट्झला येतो, कार्बन-१३ च्या हार्मोनिकपासून पुरेसा लांब. तीन, पल्सची लांबी बदला. खोटी हार्मोनिक तिच्यासोबत कमीजास्त होते, खरा प्रोटॉन फारसा हलत नाही. नमुना काढून टाकला आणि सिग्नल राहिला, तर तो कार्बनचाच असंही लगेच म्हणू नका. ॲसिडने धुतलेल्या हिऱ्यावरही पाण्याचा आणि हवेतल्या तेलकट रेणूंचा नॅनोमीटरभर थर बसतो, त्यात प्रोटॉन असतात.

ते ॲसिड म्हणजे सल्फ्युरिक, नायट्रिक आणि पर्क्लोरिक उकळवलेलं मिश्रण. हे कॉलेजच्या लॅबमध्ये, कुणी कितीही सांगितलं तरी, करायचं नाही.

९. मोठ्या लॅबकडे जाताना

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये (६००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत) सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. तिथे एनव्हीवर काम चालतं. पुण्याला आयसरमध्ये आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशन आहे, त्यांच्या चाणक्य फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेस, मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. लॉजचा खर्च वाचतो.

सोबत काय न्यायचं:

- कॉलेजचं ना-हरकत पत्र आणि ओळखपत्र, आधारची प्रत, फोटो
- गुणपत्रिका आणि एक पानी बायोडेटा
- मोजणीची वही, झेरॉक्स नको, मूळ
- पेन ड्राइव्हवर कच्चा डेटा आणि स्वतः लिहिलेला पायथन कोड
- निवड झाली तर अपघात विमा आणि लेझर सेफ्टीचं प्रशिक्षण लागेल का, हे आधी विचारून ठेवा

जायच्या आधी क्युडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून बघा. एनव्हीच्या पुष्कळ लॅब तेच किंवा तसंच काही वापरतात, आणि त्यात खरं हार्डवेअर नसतानाही सराव करता येतो.

मेल लहान लिहा. 'मला क्वांटममध्ये खूप रस आहे' हे वाक्य काढून टाका, ते सगळेच लिहितात. दोन आलेख जोडा: चुंबकाच्या तीन अंतरांवरचे डिप, आणि त्याखाली लेझर झाकून घेतलेली सपाट रेघ. खाली दोन ओळींत सांगा की तापमान आणि क्षेत्र तुम्ही वेगळं कसं केलंत. मेल मंगळवार-बुधवारी सकाळी पाठवा, सेमिस्टर सुरू होण्याच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात नको. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली एकदा आठवण करा, आणि मग दुसऱ्या गटाला लिहा.